माडीची तक्तपोशी आणि दोन जातींचा गोंद : बेळगाव-शहापूरच्या घरातल्या नोंदी

6 जानेवारी 2025

माडी रिकामी झाली आणि आज कार्पेट काढलं. बरीच वर्षं ही माडी ऑफिसांना भाड्याने दिलेली होती, त्यामुळे खाली काय आहे हे घरातल्या कुणालाच धड आठवत नव्हतं. खोली 24 फूट लांब, 12 फूट रुंद. कटरने कार्पेटच्या दोन-दोन फुटांच्या पट्ट्या पाडल्या आणि गुंडाळत गेलो. खालच्या फोमची पार पूड झालेली, म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा मारून घेतला. नाहीतर घरभर धूळ झाली असती.

खाली सागवानाची तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, निघाली. सात इंच रुंद, इंचभर जाड फळ्या, तुळया मत्तीच्या (ऐनाच्या). शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हाचं हे घर. असं लाकूड आज विकत घ्यायचं म्हटलं तर आमच्या आवाक्यातलं नाही.

पण गोंद दोन प्रकारचा आहे. मागच्या बाजूला, खोलीच्या दोन तृतीयांश भागात, पिवळट तपकिरी, दातेरी पट्टीने ओढलेल्या रेघा अजून जशाच्या तशा. रस्त्याकडच्या भागात मात्र काळा, पातळ आणि काचेसारखा कडक. त्यावर कुठे कुठे प्लास्टिकच्या फरशीचे तुकडे चिकटून आहेत. म्हणजे कार्पेटच्या आधी तिथे आणखी काहीतरी होतं.

8 जानेवारी

माडी बघायला आलेल्या प्रत्येकाचा सल्ला एकच, मशीन लावा. पॉलिशचं कंत्राट घेणारा एक जण तर म्हणाला, दोन दिवसांत पांढरी करून देतो. पांढरी होईलही, पण कशाची किंमत देऊन?

खानापूरकडच्या आमच्या सुतारमामांनी फळीवर नख ओढलं, गोंद हुंगून बघितला आणि म्हणाले, "वहिनी, मशीन लावून ह्यो गोंद कुठं जातंय ओ? ताप लागला की वितळतंय आणि लाकडात मुरतंय बगा."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. रबरी गोंदावर घासायचं मशीन फिरवलं की घर्षणाने गोंद मऊ होतो, काचपेपरच्या दाण्यांत भरतो आणि पेपर पाच मिनिटांत गुळगुळीत होऊन बसतो. मग माणूस जास्त जाड दाण्याचा पेपर लावतो, जोर देतो, आणि गोंदाबरोबर लाकूड जायला लागतं. फळी इंचभराची दिसते खरी, पण खिळ्यांची डोकी वरून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खाली आहेत. तेवढं लाकूड गेलं की खिळे उघडे पडतात. एकदा गेलेला मिलिमीटर परत येत नाही. त्यामुळे ठरवलं की गोंद आधी पूर्ण उतरवायचा आणि मगच लाकडावर धारेचं हत्यार चालवायचं. वेळ लागेल तेवढा लागू दे.

11 जानेवारी

दाराच्या मागच्या कोपऱ्यात खडूने फूट-फूटभराचे चौकोन आखून चाचण्या घेतल्या.

गरम पाणी: ओलं फडकं पिवळ्या गोंदावर अर्धा तास ठेवलं, काही फरक नाही. जुना सरस किंवा खळ असती तर पाण्याने सुटली असती. पाण्याचा गोंद निघाला तर नशीबच म्हणायचं, पण लाकडी जमिनीवर पाणी तेव्हाही जपूनच वापरायचं, कारण फळ्यांच्या कडा फुगून वर येतात.

स्पिरिट: गोंदाला काहीही झालं नाही. पण गोंद नसलेल्या एका पट्टीत फडकं तपकिरी होऊन आलं. म्हणजे मूळ जमिनीवर लाखेचं पॉलिश होतं. स्पिरिटने विरघळलं की ती लाख समजावी.

थिनर: पिवळा गोंद लगेच मऊ पडला, पण पट्टी हातात घेईपर्यंत थिनर उडून गेलं आणि गोंद पुन्हा घट्ट. शिवाय वास डोक्यात जाणारा.

टर्पेंटाइन: हे निकालात सरस ठरलं. सुरुवातीला काही होत नाही असं वाटतं. पण भिजवलेलं फडकं ठेवून वर प्लास्टिकचा कागद झाकला, तर अर्ध्या तासाने गोंद फुगून दह्याच्या सायीसारखा सुटून येतो.

हीट गन: पिवळा गोंद सुटतो, पण जरा जास्त ताप लागला की धूर येतो. या जातीच्या रबरात क्लोरीन असतं आणि तो धूर छातीला वाईट. शिवाय ज्या खोलीत टर्पेंटाइन वापरायचं तिथे हीट गन नको म्हणजे नको. गन कपाटात ठेवून दिली.

रॉकेल आणि पेट्रोल सुचवणारेही भेटले. रॉकेलचा तेलकट अंश लाकडात राहतो आणि वर पॉलिश धरत नाही. पेट्रोलबद्दल बोलायलाच नको. बंद खोलीत पेट्रोल ओतणं म्हणजे घर पेटवायची तयारी.

काळ्या गोंदाला आज हात लावला नाही.

13 जानेवारी

काळा गोंद डांबरी आहे. टर्पेंटाइनचा एक थेंब टाकला आणि पांढऱ्या फडक्याने टिपला तर चहासारखा डाग. इथे एक गोष्ट सगळ्यांना कळायला हवी. जुन्या डांबरी गोंदात आणि त्यावरच्या जुन्या प्लास्टिकच्या फरशीत बळकटीसाठी अॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळायची पद्धत होती. डोळ्यांनी ते ओळखता येत नाहीत. कोरडं खरवडलं किंवा मशीन लावलं तर तंतू हवेत उडतात, श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि आजार दिसायला वीस-तीस वर्षंही लागू शकतात. घरात लहान पोरं आहेत. अंदाजावर हे काम करायचं नाही.

साबणाच्या पाण्याने ओला करून, चांगला मास्क लावून, गोंदाचा आणि फरशीचा एकेक तुकडा पट्टीने उचलला, दोन वेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद केला आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडे कुरिअरने पाठवला. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तंतू बघतात. उत्तर येईपर्यंत तो भाग प्लास्टिक अंथरून, कडा टेपने बंद करून झाकून ठेवला आहे. अहवालात तंतू निघाले तर खरवडायचं नाही, सगळं जसंच्या तसं ठेवून वरून दुसरी जमीन घालायची, हेही ठरलं आहे.

उद्या संक्रांत. काम परवापासून.

18 जानेवारी

पिवळ्या गोंदाला सुरुवात करण्याआधी सगळ्यात मोठी अडचण सोडवायची होती, आणि ती माडीवर नाही, खाली आहे. बरोबर या खोलीखाली आमचं स्वयंपाकघर आणि देवघर. जुन्या तक्तपोशीत फळ्यांमध्ये फटी असतात. खालून वर बघितलं तर उजेडाच्या रेघा दिसतात. टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर खिडकीतून जाईल असं वाटतं, पण निम्मी तरी फटींतून खाली उतरणार. आणि खाली गॅसची शेगडी, देवापुढे निरांजन, फ्रिज. साधं टर्पेंटाइन 35-40 अंशांच्या आसपास पेटण्याजोगी वाफ सोडतं, थिनर तर नेहमीच्या हवेतही. ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही. फ्रिज आपोआप चालू-बंद होताना आतल्या आत ठिणगी पडते, ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून काही नियम केले आहेत. सासूबाईंचा नैवेद्य आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक सकाळी नऊच्या आत. मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, फ्रिजचं बटण बंद, निरांजन ओसरीवरच्या कोनाड्यात. सासूबाईंनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. उलट कामाच्या आधी रेग्युलेटर बघायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली आहे. त्यांनी खालून "झालं गं" म्हटल्याशिवाय वर डबा उघडायचा नाही.

दुसरं काम फटींचं. शेजारी माग आहेत, तिथून टाकाऊ सूत आणलं. त्याच्या वळ्या करून लांबी भरायच्या पट्टीने प्रत्येक फटीत ठासल्या. दिवसभर त्यातच गेला, पण आता वरून एक थेंबही खाली जाणार नाही. सूत नंतर काढायचं नाही असं मामा म्हणतात. फटीतून येणारी धूळ आणि मुंग्या यांचाही बंदोबस्त झाला.

वाफेसाठीचा मास्क वेगळा असतो, त्याला कोळशाचे डबे लागतात. धुळीचा मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. हातमोजे नायट्राइलचे. रस्त्याकडच्या आणि अंगणाकडच्या, दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघड्या.

27 जानेवारी

आता हाताला लय सापडली आहे. दोन फळ्या एका वेळी, तीन फूट लांबीपर्यंत. जुन्या सुती चादरीचे तुकडे टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळायचे, ठिबकता कामा नयेत. गोंदावर पसरायचे, वर प्लास्टिक. अर्ध्या तासाने एक कडा उचलून बघायची. गोंदाचा रंग फिका पडून तो दाबल्यावर सरकला पाहिजे. सरकत नसेल तर झाकून ठेवायचं आणि दुसरीकडे वळायचं. इथे घाई करून पट्टी मारली तर गोंद तुटतो आणि तळाचा थर लाकडाला धरून राहतो. पूर्ण फुगला की पट्टी फळीच्या रेषेने, जवळजवळ आडवी धरून ढकलायची. गोंद पुढे वळत जातो, त्याची सुरळी होते, आणि मागे लाकूड स्वच्छ. पट्टीचे दोन्ही कोपरे मामांनी कानशीने गोल करून दिले आहेत, त्यामुळे लाकडात ओरखडा उठत नाही.

सुरळी उचलल्यावर ताज्या टर्पेंटाइनचं फडकं एकदाच, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. मळकं फडकं पुन्हा पुन्हा फिरवलं तर विरघळलेला गोंद सगळ्या फळीवर पातळ पसरतो. जिथे रेषा खोल आहेत तिथे नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश सागाला लावू नये, मऊ पट्टे उकरले जातात आणि जमीन खरखरीत होते.

वापरलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून. संध्याकाळी डबा अंगणात.

भिंतीकडेला कार्पेटच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, सापडताहेत. जंबुराने काढताना खाली लाकडाचा पातळ तुकडा ठेवायचा, म्हणजे फळीवर दाब उमटत नाही.

30 जानेवारी

पुण्याहून अहवाल आला. दोन्ही नमुन्यांत अॅस्बेस्टॉस नाही. घरात सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला. तरीही काळा भाग ओलाच ठेवून काढणार. डांबराची धूळ काय कमी वाईट?

3 फेब्रुवारी

डांबर आणि रबर यांचा स्वभाव अगदी उलटा. रबरी गोंद फुगवून काढता येतो. डांबर टर्पेंटाइनने विरघळतं, आणि विरघळलं की लाकडाच्या रंध्रांत शिरतं. म्हणून त्याचा थर आधी नुसत्या ताकदीने जितका निघेल तितका काढायचा, टर्पेंटाइन अगदी शेवटी. थंडीत डांबर ठिसूळ होतं, आणि बेळगावची पहाट अजून गार आहे. सहाच्या सुमारास वर जातो. फ्रीझरमधल्या बर्फाच्या पिशव्या फळीवर दहा मिनिटं ठेवायच्या, पाणी झिरपू नये म्हणून खाली प्लास्टिक. मग पिशवी उचलून फवाऱ्याने नावापुरतं ओलं करून बोथट पटाशी कमी कोनात धरायची आणि मागे हलकी थाप. नखाएवढ्या टिकल्या उडतात, कडकन आवाज करत. डोळ्यांना चष्मा हवाच. नऊ वाजता उन्हाची तिरीप खिडकीतून आली की डांबर पुन्हा चिवट होतं आणि काम आपोआप थांबतं.

मामा या कामावर खूश आहेत. म्हणतात, "थंडीनंच अर्धं काम करायलालंय की ओ."

12 फेब्रुवारी

थर गेला, डाग राहिले. त्यासाठी खडूची पूड. पूड टर्पेंटाइनमध्ये थापण्याइतपत कालवायची, डागावर बोटभर जाड थर द्यायचा, वर प्लास्टिक झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी प्लास्टिक काढून थर उघडा वाळू द्यायचा. वाळताना टर्पेंटाइन वर येतं, येताना विरघळलेलं डांबर सोबत आणतं आणि खडू ते धरून ठेवतो. पहिला थर काढला तेव्हा खालची बाजू विटकरी झालेली होती. दुसऱ्या वेळी फिकट. त्यानंतर जो डाग उरेल तो लाकडाचाच भाग समजायचा. ऑक्झॅलिक अॅसिडने डांबर जात नाही, ते लोखंडाच्या काळ्या डागांना चालतं. चुकांच्या भोवतीची काळी वर्तुळं मात्र त्याने छान उजळली. नंतर ओल्या फडक्याने दोनदा पुसून घेतली.

रस्त्याकडच्या चार फळ्यांवर सावली राहणार हे आता नक्की. मला ती खटकत नाही. ती घालवायला रंधा मारावा लागेल आणि तो मी मारू देणार नाही.

24 फेब्रुवारी

खिळे दाबून झाले. ढिल्या फळ्या स्क्रूने तुळईला आवळल्या.

2 मार्च

आता कुठे लाकडाला धार. तीही मशीनची नाही. मामांनी जुन्या करवतीच्या पात्याचा हाताएवढा तुकडा कापला, कडा कानशीने सरळ केली आणि गोल पोलादी सळईने घासून तिला बारीक आकडा, म्हणजे हुकासारखी वळलेली धार, काढला. दोन्ही अंगठ्यांनी पाठीमागून किंचित वाकवून पुढे ढकलायचं. निघतो तो भुसा नव्हे, कांद्याच्या सालीहून पातळ साल, लांबच्या लांब. त्यातून जुनी लाख, गोंदाचा शेवटचा अंश आणि मळ एकत्र निघतो. खाली मधाच्या रंगाचं साग आणि तो तेलकट, चामड्यासारखा वास. साल निघायची थांबून पूड पडायला लागली की पात्याचा आकडा गेला, पुन्हा काढायचा.

नंतर 80 नंबरचा काचपेपर, मग 120, दोन्ही लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, रेषेच्या दिशेने. पेपर आता भरत नाही. गोंद खरोखर गेला याची यापेक्षा चांगली खूण नाही. सागाची धूळ त्वचेला आणि नाकाला खाजरी, तेव्हा इथे धुळीचा मास्क.

चुकांची भोकं भरायला त्याच सागाची पूड, लाख आणि चिमूटभर पिवडी (पिवळी माती). तयार पुटी आणली होती, ती रंगाला लागेना.

9 मार्च

पॉलिशवर बरीच चर्चा झाली. अळशीचं तेल मला मनापासून आवडतं, पण रंध्रांत उरलेलं डांबर तेलात विरघळतं आणि महिन्याभरात वर येतं. डांबर स्पिरिटमध्ये विरघळत नाही. म्हणून पहिला थर लाखेचा. तो डांबर खाली दाबून ठेवतो आणि सागाचं स्वतःचं तेलही अडवतो. नाहीतर त्या तेलामुळे वरचं पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) वाळता वाळत नाही.

लाखदाणा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवला, पण ढवळून वापरायचा नाही. चार दिवस बरणी हलवू नये. लाखेतलं मेण दुधी गाळ होऊन तळाशी बसतं, वर मधासारखं निवळ पाणी राहतं. तेवढंच नळीने काढून घेतलं. मेणासकट लाख लावली तर वरचा पीयू धरत नाही. कापसाची पुरचुंडी सुती कापडात बांधून दोन पातळ हात दिले.

स्पिरिटही पेटतं. रेग्युलेटर, फ्रिज, निरांजन, सगळे नियम तसेच.

19 मार्च

आज रंगपंचमी. बेळगावात रंग धुळवडीला होऊन गेला, आमच्या शहापुरात आज. सकाळपासून गल्लीत पिचकाऱ्या आणि ढोल. मॅट पीयूचा पहिला हात काल सकाळी दिलेला, वाळला होता. दुसऱ्याचा विचार आज केलाच नाही. रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या आणि पोरांना माडीचा जिना बंद. उद्या 240 नंबरच्या पेपरने हलकं घासून, धूळ पुसून दुसरा हात.

23 मार्च

दुसरा हात वाळला. चालायला हरकत नाही, पण जड कपाट पंधरवडाभर वर चढवायचं नाही, असं मामांनी बजावलं आहे. वळवाचा पाऊस यायच्या आत उरकलं हे फार बरं झालं, दमट हवेत हे थर नीट बसत नाहीत.

वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतलं नाही. बरणीत ठेवल्यावर गाळ खाली बसला, वरचं निवळ वेगळ्या बाटलीत घेतलं. ते जिन्याच्या कामाला येईल, कारण वरच्या तीन पायऱ्यांवर तोच पिवळा गोंद आहे. गोंदाच्या सुरळ्या आणि गाळ बंद डब्यात.

नव्या भाडेकरूंसाठी करारात दोन ओळी घालायला सांगितल्या आहेत: जमिनीवर काहीही चिकटवायचं नाही, आणि रबरी पाठीची चटई अंथरायची नाही, कारण त्या रबराचा डाग पॉलिशमध्ये उतरतो. सतरंजी, घोंगडी किंवा जाजम चालेल. टेबल-खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या गाद्या आम्ही लावून देऊ.

जिना एप्रिलमध्ये. मामांना सुगीनंतर वेळ आहे.